क्लोज्ड-बॅक हेडफोन कसा निवडायचा? घरातला स्टुडिओ असो की हळदीचा मांडव, रेकॉर्डिंगआधी एवढं तपासा

समजा, करंजाडेत हळदीची रात्र आहे. मांडवात धवलारीण धवळा म्हणायला बसली आहे. ती ओळ सोडते, शेजारच्या बायका ती उचलतात. नातवंडांपैकी कोणीतरी समोर छोटा रेकॉर्डर ठेवला आहे. लाल दिवा लागलाय, सेकंद पुढे सरकतायत, म्हणजे रेकॉर्डिंग नीट होतंय असं सगळ्यांनाच वाटतंय.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली की कळतं, मांडवातल्या पंख्याचा वारा थेट माइकवर येत होता. अर्ध्या धवळ्यांवर घुरघुर आहे. बायकांनी एकदम आवाज चढवला तिथे तो फाटलाय. आणि पुन्हा रेकॉर्ड करायचं म्हटलं तर ते लग्न काही परत होणार नाही.

रेकॉर्डरला हेडफोन लावून कोणी ऐकत असतं तर ही चूक पहिल्याच मिनिटात सापडली असती. पण कानाला लावलेला प्रत्येक हेडफोन या कामाचा नसतो. रेकॉर्डिंगसाठी ‘क्लोज्ड-बॅक’ घ्या, असं सगळे सांगतात. ते का, आणि त्यातला नेमका कोणता, हे समजून घेऊ.

करंजाडेत हा प्रश्न का महत्त्वाचा?

करंजाडे हा पनवेलला लागून असलेला सिडकोचा नोड. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी दहा गावांचं स्थलांतर झालं, त्यातल्या अनेक कुटुंबांना वडघर-करंजाडे परिसरात भूखंड मिळाले. विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं उडू लागली. त्याआधीपासून इथे बांधकामं आणि अवजड वाहनांची वर्दळ आहेच. म्हणजे पूर्ण शांतता मिळेल अशी वेळ इथे कमीच.

दुसरीकडे, याच पट्ट्यात आगरी-कोळी लग्नातले धवळे आहेत. धवळे हा मराठीतला जुना गानप्रकार. महदंबेचे ‘धवळे’ तेराव्या शतकातले. रायगड-ठाण्याच्या आगरी-कोळी घरांत लग्नातले विधी धवळे गाऊन पुढे नेणारी बाई म्हणजे धवलारीण. तिची गाणी बहुतांशी तोंडपाठ असतात. गाव हललं, शेजार बदलला, डीजेचा आवाज वाढला, तसं हे गाणं रेकॉर्ड करून ठेवायची गरज वाढली.

अशा रेकॉर्डिंगचं मोल काय असतं, हे महाराष्ट्राने पाहिलंय. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. त्या संग्रहात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल या कामात आले आणि कितीतरी ओव्यांचं ध्वनिमुद्रणही झालं. आज त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकता येतात. घरातलं जातं गेलं, गाणाऱ्यांपैकी काहीजणी गेल्या, आवाज मात्र राहिले.

क्लोज्ड-बॅक म्हणजे नक्की काय?

हेडफोनच्या प्रत्येक कपात एक छोटा स्पीकर असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर पुढे आणि मागे दोन्ही बाजूंना आवाज टाकतो. पुढचा आवाज कानात जातो. मागच्याचं काय करायचं, यावरून हेडफोनचे प्रकार पडतात.

- ओपन-बॅक: कपाची मागची बाजू जाळीची. आवाज मोकळा आणि नैसर्गिक वाटतो, पण तो बाहेर सांडतो आणि बाहेरचा आत येतो.
- क्लोज्ड-बॅक: मागची बाजू पूर्ण बंद. आतला आवाज बऱ्यापैकी आत आणि बाहेरचा बऱ्यापैकी बाहेर राहतो.
- सेमी-ओपन: मधला प्रकार. दुकानात ‘स्टुडिओ हेडफोन’ म्हणून हाही मिळतो, पण माइकजवळ तो ओपनसारखाच गळतो. खोक्यावर हा शब्द आहे का ते नीट वाचा.

कप बंद असल्याचा एक तोटाही आहे. आवाज आतल्या आत परततो, त्यामुळे खालचे सूर, म्हणजे बेस, थोडे फुगलेले वाटू शकतात. म्हणून गाण्याचं शेवटचं मिक्सिंग करताना अनेक इंजिनिअर ओपन-बॅक किंवा स्पीकर पसंत करतात. रेकॉर्डिंगच्या वेळी मात्र क्लोज्ड-बॅकला पर्याय नाही.

स्टुडिओत एक काम, फिल्डवर दुसरं

स्टुडिओत गायक किंवा डबिंग कलाकार हेडफोनमध्ये ट्रॅक ऐकत माइकसमोर गातो. तोंडापासून माइक जेमतेम वीतभर लांब. हेडफोनमधून आवाज गळला तर तो थेट माइकमध्ये जातो. सगळ्यात जास्त त्रास देते ती ‘क्लिक’, म्हणजे तालासाठी वाजणारी टिकटिक. गाण्यात एखादी शांत जागा आली की मागे टिकटिक ऐकू येते आणि ती नंतर काढणं फार अवघड जातं.

इथे एक नेहमीची सवयही नडते. स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून गायक एक कप कानावरून मागे सरकवतो. तो उघडा कप मग माइककडे तोंड करून वाजत राहतो. असं करायचंच असेल तर तो कप डोक्याला दाबून ठेवावा किंवा त्या बाजूचा आवाज बंद करून घ्यावा.

फिल्डवर हेडफोन गाणाऱ्याच्या नाही, रेकॉर्ड करणाऱ्याच्या कानावर असतो. इथे गळती हा मोठा मुद्दा नसतो. कानात पोचणारा आवाज माइकमधूनच आलाय की थेट समोरून, हे ओळखता येणं महत्त्वाचं. मांडवात उभं राहून साधे इअरफोन लावले तर समोरचं गाणं दोन्ही वाटांनी कानात येतं. मग माइकमध्ये ते फाटतंय का, वारा लागतोय का, केबलमधून घूं घूं येतेय का, काहीच कळत नाही.

आणखी एक गोष्ट. आपला मेंदू रोजचे आवाज गाळून टाकतो. फ्रिज, पंखा, लांबची वाहनं यांची घरच्यांना सवय झालेली असते. माइक काहीच गाळत नाही. हेडफोन लावून माइक ‘ऐकला’ की हे सगळे आवाज अचानक समोर येतात.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. हेडफोनमुळे रेकॉर्डिंग स्वच्छ होत नाही. विमानाचा आवाज माइकमध्ये गेला तर तो गेलाच. हेडफोन फक्त ते वेळेत सांगतो, म्हणजे ‘मावशी, विमान जाऊ दे, मग ही ओळ पुन्हा म्हणा’ असं विचारता येतं. म्हणून चूक लवकर ऐकवणारा हेडफोन निवडायचा. गोड वाजणाऱ्याचा इथे उपयोग नाही.

बाहेरचा आवाज किती अडतो?

हे डेसिबलमध्ये मोजतात. बायरडायनॅमिक कंपनी आपल्या डीटी ७७० प्रोसाठी साधारण १८ डेसिबलचा आकडा देते. १८ डेसिबल घट म्हणजे आवाजाची ऊर्जा साधारण साठाव्या भागावर येते. सेनहायझर एचडी २८० प्रोसाठी ‘कमाल ३२ डेसिबल’ असा दावा असतो. यातला ‘कमाल’ हा शब्द महत्त्वाचा. एखाद्या पट्टीतला सर्वात चांगला आकडा तो, सगळीकडे तेवढा मिळत नाही.

कोणताही बंद कप वरच्या पट्टीतले आवाज चांगले अडवतो: टाळ्या, शिट्ट्या, लहान मुलांचा कालवा. खालच्या पट्टीतले, म्हणजे ट्रकची घरघर, विमानाचा गडगडाट, डीजेचा बेस, मात्र बरेचसे आत येतात. त्यामुळे करंजाडेसारख्या ठिकाणी हेडफोन लावूनही घरघर ऐकू आली तर तो खराब आहे असं लगेच समजू नका. माइकची केबल काढून किंवा रेकॉर्डरचा आवाज शून्यावर आणून पाहा. तरीही घरघर येत असेल तर ती थेट बाहेरून येतेय. थांबली तर ती माइकमध्ये जातेय.

ओहम आणि डेसिबल: इथे बहुतेकांची फसगत होते

हेडफोनच्या खोक्यावर ३२, ८०, २५० ओहम असे आकडे असतात. हा इम्पिडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध. जास्त ओहम म्हणजे जास्त चांगला, असा समज पसरलेला आहे. प्रत्यक्षात तुमच्याकडच्या यंत्राची ताकद किती, यावर सगळं अवलंबून आहे.

हातात मावणाऱ्या झूम कंपनीच्या बऱ्याच रेकॉर्डरचं हेडफोन आउटपुट ३२ ओहमला २० मिलिवॅट असं दिलेलं असतं. साध्या गणिताने हे साधारण ०.८ व्होल्ट होतं. आता तोच रेकॉर्डर वेगवेगळ्या हेडफोनना लावला तर जास्तीत जास्त आवाज किती मिळेल, याचा ढोबळ हिशेब असा:

- सोनी एमडीआर-७५०६ (६३ ओहम, संवेदनशीलता १०६ डेसिबल): सुमारे ११६ डेसिबल
- डीटी ७७० प्रो, ८० ओहम (९६ डेसिबल): सुमारे १०५ डेसिबल
- डीटी ७७० प्रो, २५० ओहम (९६ डेसिबल): सुमारे १०० डेसिबल

१०० डेसिबल म्हणजे भरपूर, असं वाटेल. पण हा झाला सर्वात मोठ्या क्षणाचा आकडा. रेकॉर्डिंग करताना आवाज फाटू नये म्हणून पातळी बरीच खाली ठेवतात. सरासरी आवाज कमाल पातळीच्या २० डेसिबल खाली धरला, तर २५० ओहमच्या हेडफोनमध्ये तो ८० डेसिबलच्या आसपास उरतो. शेजारी बँड वाजत असेल तर तेवढ्यात काय चुकतंय ते ऐकू येणार नाही.

थोडक्यात, बॅटरीवर चालणारा रेकॉर्डर, कॅमेरा किंवा फोन असेल तर ३२ ते ८० ओहमच्या दरम्यान राहा आणि संवेदनशीलतेचा आकडा पाहा. २५० ओहमचा हेडफोन चांगला अॅम्प्लिफायर असलेल्या स्टुडिओसाठी.

आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट: कानाभोवतीची पकड

कप कानाभोवती घट्ट बसला नाही तर कागदावरचे डेसिबल कागदावरच राहतात. चष्म्याची काडी, जाड वेणी, अंबाडा, टोपी किंवा डोक्यावरचा पदर यांमुळे उशी आणि त्वचा यांच्यात फट पडते. फटीतून बेस निघून जातो आणि बाहेरचा आवाज आत येतो. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी जो चष्मा घालणार, तोच घालून हेडफोन तपासा.

उशीचं कापडही पाहायला हवं. कृत्रिम चामड्याची उशी आवाज चांगला अडवते, पण कोकणपट्टीच्या दमट उन्हाळ्यात तासाभरात कान घामेजतात आणि काही वर्षांत तिचे पापुद्रे सुटतात. मखमली कापडाची उशी जास्त वेळ सहन होते, धुताही येते, पण आवाज थोडा कमी अडवते. कोणतीही घ्या, बदली उशा बाजारात सहज मिळतात का ते आधी विचारा. हेडफोन अनेक वर्षं टिकतो, उशा टिकत नाहीत.

वजन आणि दाबही बघा. दुकानात दोन मिनिटं घातलेला हेडफोन सगळ्यांनाच आवडतो. हळदीचं रेकॉर्डिंग चार-चार तास चालतं.

केबल सरळ की गुंडाळीची?

गुंडाळी केबल टेबलावर बरी, पायात येत नाही. पण उभं राहून काम करताना ती खांद्याला जड वाटते आणि छोटा रेकॉर्डर ओढला जातो. फिल्डसाठी सरळ, मध्यम लांबीची केबल सोयीची. काढता येणारी केबल असेल तर तुटल्यावर फक्त केबल बदलून भागतं.

पिनही पाहा. छोट्या रेकॉर्डरला ३.५ मिलिमीटरची पिन लागते, ऑडिओ इंटरफेस आणि मिक्सरला बहुधा ६.३ मिलिमीटरची. दोन्हीसाठी अॅडाप्टर जवळ ठेवा.

ब्लूटूथ आणि नॉइज कॅन्सलिंग चालेल का?

गाणी ऐकायला उत्तम, रेकॉर्डिंगला नाही.

ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो. हा उशीर शे-दोनशे मिलिसेकंदांचा असू शकतो. स्वतःचा आवाज एवढ्या उशिराने कानात आला की बोलणारा अडखळतो, गाणाऱ्याचा ताल सुटतो. शिवाय बहुतेक छोट्या रेकॉर्डरना ब्लूटूथवर हेडफोन जोडताच येत नाही.

नॉइज कॅन्सलिंगवाले हेडफोन घरघर छान कमी करतात. पण त्यासाठी ते स्वतःचे माइक आणि स्वतःची आवाज-प्रक्रिया वापरतात. बारीक सरसर किंवा फरक ऐकू आला तर तो रेकॉर्डिंगमधला की हेडफोनमधला, हे सांगता येत नाही. हेडफोनवर विश्वास ठेवता आला नाही तर तो लावण्यात अर्थ नाही.

नेहमी नाव घेतले जाणारे पर्याय

- सोनी एमडीआर-७५०६: १९९१ पासून बाजारात. ६३ ओहम, घडी होते, संवेदनशीलता जास्त म्हणून छोट्या रेकॉर्डरवरही मोठा वाजतो. वरचे सूर ठळक असल्याने सरसर, खरखर चटकन कळते. केबल गुंडाळीची आणि न निघणारी.
- ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम२०एक्स: ४७ ओहम, सुमारे १९० ग्रॅम. कमी बजेटमध्ये सुरुवात करणाऱ्यांसाठी. केबल निघत नाही.
- ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम४०एक्स आणि एम५०एक्स: अनुक्रमे ३५ आणि ३८ ओहम. केबल काढता येते, कप फिरतात. एम५०एक्समध्ये बेस जरा जास्त, एम४०एक्स त्यामानाने सपाट.
- बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो: बराच वेळ घालायला आरामदायी. ३२, ८० आणि २५० ओहम अशा आवृत्त्या दिसायला जवळपास सारख्या, म्हणून घेताना आकडा वाचा. केबल निघत नाही.
- सेनहायझर एचडी २८० प्रो: ६४ ओहम. आवाज अडवण्यात पुढे, पण पकड घट्ट. क्लिकवर गाणाऱ्यांसाठी आणि ढोल-ताशावाल्यांसाठी उपयोगी.
- सेनहायझर एचडी २५: ७० ओहम, केबल सोडून सुमारे १४० ग्रॅम. कानावर टेकणारा, छोटा, सुटे भाग बदलता येणारा. बातमीदारी आणि चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात वापरला जातो. कान दाबले जातात, म्हणून आधी घालून पाहा.

एकच घ्यायचा आणि स्टुडिओ-फिल्ड दोन्ही करायचं असेल, तर घडी होणारा, ३२ ते ७० ओहमचा, जास्त संवेदनशीलतेचा हेडफोन बरा.

विकत घेण्याआधी चार चाचण्या

मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी काही दुकानांत हेडफोन घालून पाहता येतो. स्वतःचा रेकॉर्डर आणि माइक सोबत न्या. ऑनलाइन घेतला तर परत करण्याच्या मुदतीत घरी तपासा.

१. गळती: हेडफोन घाला, फोनवर मेट्रोनोम लावून तो हेडफोनमध्ये नेहमीच्या आवाजात वाजवा. तोंडासमोर वीतभर अंतरावर माइक ठेवून अर्धा मिनिट गप्प बसा आणि रेकॉर्ड करा. नंतर ऐका. टिकटिक किती येते?

२. अडवणूक: रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. काहीही न वाजवता हेडफोन घाला, काढा. शेजारच्याचं बोलणं किती दबतं?

३. ताकद: तुमच्याच रेकॉर्डरला लावा. आवाजाचं बटण निम्म्यावर असताना माइकसमोरचं हलकं बोलणं स्पष्ट ऐकू यायला हवं. शेवटपर्यंत फिरवावं लागत असेल तर तो हेडफोन या रेकॉर्डरचा नाही.

४. चूक ओळखणं: माइकवर फुंकर मारा, केबल हलवा, कपडा घासा. प्रत्येक आवाज वेगळा ओळखता येतो का?

लोकप्रिय मॉडेलच्या नकलाही मिळतात. फारच स्वस्त मिळत असेल तर अधिकृत विक्रेत्याचं बिल आणि वॉरंटी मागा.

वापरताना होणाऱ्या दोन चुका

हेडफोनचा आवाज म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी नाही. हेडफोनचं बटण वाढवलं की बारीक झालेलं रेकॉर्डिंगही ठणठणीत वाटतं. हेडफोनचं बटण एका जागी ठेवा, हवी तर तिथे खूण करा. पातळी रेकॉर्डरच्या मीटरवर बघा. आवाज चढल्यावरही मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला तर फाटण्याची भीती कमी.

कानांचा हिशेब विसरू नका. अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तासांपर्यंत ठीक. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला फक्त १ तास. गोंगाटात खराब पकडीचा हेडफोन लावला की आपण नकळत आवाज वाढवत जातो. चांगली पकड असली तर कमी आवाजातही सगळं ऐकू येतं.

थोडक्यात

- आधी काम ठरवा: गाणाऱ्याला घालायचा असेल तर गळती पाहा, रेकॉर्ड करणाऱ्याला घालायचा असेल तर अडवणूक आणि संवेदनशीलता.
- छोट्या रेकॉर्डरला २५० ओहमचा हेडफोन जोडू नका.
- स्वतःच्या चष्म्यासह, स्वतःच्या यंत्रावर तपासा.
- ब्लूटूथ आणि नॉइज कॅन्सलिंग रेकॉर्डिंगच्या वेळी बाजूला ठेवा.
- महागडा हेडफोन परवडत नसेल तर साधा क्लोज्ड-बॅक घ्या, पण तो लावा.

आणि आजी किंवा मावशी धवळा म्हणायला बसेल तेव्हा आधी एक मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. पंखा बंद करायचा की माइक हलवायचा, ते त्या एका मिनिटात ठरतं. मग तिला सांगा, ‘हां, आता म्हण.’